काठावरचा हंगामी विरही

४ फेब्रुवारी

ताई,

आधी नमस्कार, मग तुला जे काय बोलायचं ते बोल.

मी पोचलो. कॉलेज सोडलं हे तुला एव्हाना कळलं असेलच, आपल्या गल्लीत माझ्या बातम्या माझ्या आधी घरी पोचतात. मास्तर भर वर्गात म्हणाले, "मागच्या बाकावरच्या शहाण्याला बसायचं नसेल तर दार उघडं आहे." दार खरंच उघडं होतं, ताई. मी निघालो. जिन्यावर आल्यावर लक्षात आलं की पुस्तकं आतच राहिली, पण परत जाऊन पुस्तकं मागणं मला जमलं नसतं.

इथे मी फक्त फिरायला आलोय. हे शहर नदीकाठच्या वाटेसाठी प्रसिद्ध आहे, लोक कुठून कुठून बघायला येतात, मीही आलो. ती इथे नोकरीला आली आहे, हा योगायोग. ती मला न सांगता आली, हे मी केव्हाच विसरलोय. ती कुठे काम करते मला ठाऊक नाही, आणि आल्यापासून मी रस्त्यातल्या प्रत्येक मुलीच्या तोंडाकडे बघत हिंडतोय, ते आपलं सहज.

वाट बाकी देखणी आहे. इथली माणसं तिला नुसतं 'काठ' म्हणतात. पायाखाली करडी फरशी, एका हाताला झाडं, दुसऱ्या हाताला लोखंडी कठडा आणि खाली हिरवं संथ पाणी. झाडाखाली एक बाई चित्र काढत असते. पुलाजवळ एक आजोबा गळ टाकून बसतात. परवा त्यांना मासा लागला. त्यांनी तो वर काढला, सगळ्यांना दाखवला, आणि पाण्यात सोडून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! सगळं इतकं जिथल्या तिथे आहे की बघून चीड येते.

काल संध्याकाळी मी कठड्यावर कोपरं टेकवून पाण्याकडे बघत उभा होतो. एक बाई आल्या, चष्मा कपाळावर, काखेत वही. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग टेप काढली आणि माझ्या कोपरापासून हनुवटीपर्यंत माप घेतलं. मी म्हटलं, "काय चाललंय?" तर म्हणाल्या, "बोलू नका, वाकलेली मान सरळ होते." शेवटी म्हणाल्या, "तुम्ही फार खरे आहात. उद्यापासून या." करड्या रंगाचे कपडे दिलेत, एक मफलर दिलाय. दाढी करायची नाही, हसायचं नाही, रोज संध्याकाळी याच जागी उभं राहायचं.

राहायची सोय एका चावीवाल्याच्या दुकानावर झाली आहे. काळजी करू नकोस.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

काडेपेटी,

पत्र मिळालं. गिऱ्हाईकाची गादी शिवत होते, हातातलं टाकून वाचायला घेतलं, आणि दाभण गादीतच राहिला. गादी गेली. कुणाच्या घरी गेली ते आठवत नाही. आता कुणाच्या पाठीत तो निघेल या धास्तीने मला जेवण जात नाही, आणि हे सगळं तुझ्यामुळे.

तू मला खुळी समजतोस का रे? सगळ्यांना एका रंगाचे कपडे. दाढी करायला वस्तरा द्यायचा नाही. संध्याकाळी ठरल्या वेळी कठड्यापाशी नेऊन उभं करायचं, आणि एक बाई वहीत लिहून घेणार. आणि मासे धरून परत सोडणारे आजोबा! अरे, ते कसलं ठिकाण असतं मला माहीत आहे. आपल्या शिंप्याच्या मेहुण्यालाही असंच गोड बोलून आत घेतलं होतं. तोही लिहायचा, "मला निवडलंय." त्या बाईंशी वाद घालू नकोस. देतील त्या गोळ्या घे. भांडू नकोस, भांडलं की मुक्काम वाढवतात.

तुझे भावोजी उद्याच्या गाडीने निघताहेत. त्यांना झोपेतून उठवून, तोंड धुवायला लावून, मी स्वतः गाडीत बसवणार आहे. या माणसाला दुकानातली प्रत्येक नवी गादी 'तपासायला' लागते आणि तपासून झाली तरी तो उठत नाही. पण माझ्याकडे पाठवायला दुसरं माणूस नाही.

त्या मुलीचं म्हणशील, तर तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी तुला सांगणार नाही. ते ऐकून तू कुणाचं तरी डोकं फोडशील. आपल्या दुकानाचा नियम तू लहानपणापासून बघतोयस. जोडप्याची गादी असली की मी बरोबर मध्ये एक शिवण घालते. लोक हसतात, पण माणसाला आपली बाजू कुठे संपते ते कळलं की संसार नीट चालतो. तुला ती शिवण कधी दिसलीच नाही.

भावोजींबरोबर मुकाट्याने ये.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

दवाखाना नाही! नोकरी आहे! महापालिकेची!

नीट वाच. या काठावर जे जे दिसतं ते सगळं शोभा विभागाचं आहे. नुसत्या नदीला कोण बघायला येतं? माणसं दिसली पाहिजेत, आणि योग्य जागी दिसली पाहिजेत. म्हणून मासेवाले आजोबा नोकरीत आहेत, मासाही विभागाचा आहे. चित्रवाली बाई नोकरीत आहे. तेच चित्र ती सकाळी काढते आणि संध्याकाळी पुसते. टेपवाल्या बाई शोभा अधिकारी आहेत. आणि मी 'विरही', हंगामी पद. माझ्या आधीच्या विरह्याचं लग्न ठरलं आणि तो कठड्यापाशी शीळ वाजवताना सापडला. त्याच दिवशी काढला.

काम वाटतं तितकं सोपं नाही. उसासा टाकायचा, पण खांदे उडवायचे नाहीत. डोळ्यांत पाणी चालेल, नाक ओढलेलं चालणार नाही. कुणी विचारलं, "काय झालं हो?" तर नदीकडे बोट दाखवून गप्प राहायचं. परवा एकाने विचारलं, "काय, पाकीट पडलं का?" मी त्याला सांगितलं पाकीट कुणाचं आणि कुठे पडेल ते. बाईंनी बोलावून समज दिली, "विरही माणूस रागावत नाही. रागावला की तो नुसता एक तापट माणूस दिसतो, आणि तसे शहरात फुकट मिळतात."

आता खरं ते सांगतो. ती सापडली.

माझी नेमणूक अशी की तोंड प्रवाहाकडे आणि पाठ पुलाकडे. पुलाच्या पायथ्याशी युगुल-बाक आहे, आमच्या विभागाचा सगळ्यात मानाचा बाक. काल मफलर वाऱ्याने उडाला, मी तो धरायला मागे पळालो, आणि बघतो तर बाकावर ती! आल्यापासून ती माझ्या पाठीमागे बसली होती, ताई! मी तिच्यासाठी उसासे टाकत होतो आणि ती माझ्या पाठीमागे एका माणसाच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. माणूस केस काळे केलेला, हातात फुलांचा गुच्छ. आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याबरोबर ती दोन वर्षं कॅन्टीनमध्ये बसली, तिच्या चेहऱ्यावर असं कधी आलं नाही.

मी त्या गृहस्थाशी दोन शब्द बोललो. बस, एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान चोळत उठून गेली.

ती त्याच्या प्रेमात आहे. हे उघड आहे. आता मी खराखुरा विरही झालो, आणि बाई खूष आहेत.

भावोजी अजून आले नाहीत.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

मालकीणबाईंना,

मी पोचलो, पोरगा ठणठणीत आहे. वेड्यांचा दवाखाना नाही. किंवा आहे, पण सगळं शहरच आत आहे, त्यामुळे वेगळं काढता येत नाही.

तो दोन शब्द बोलला म्हणतो ते खरं आहे. पण बोलताना त्याने त्या गृहस्थांचा गुच्छ हिसकावून नदीत टाकला. गुच्छ कापडाचा, सरकारी, तो बुडेना. मग त्याला बुडवायला माझ्या मेहुण्याने पायातला बूट फेकला. बूट बुडाला. गुच्छ अजून पुलाच्या खांबाला अडकून तरंगतोय आणि लोक त्याचेही फोटो काढताहेत, त्यामुळे बाईंनी तो तसाच ठेवलाय. पोरगा हल्ली एका पायात माझी चप्पल घालून विरह करतो.

ते गृहस्थ फार सज्जन निघाले. पुष्कळ वर्षं प्रेमी म्हणून कायम आहेत. मोठ्या मुलीचं लग्न झालंय. मला म्हणाले, "तिच्याकडे बघताना माझ्या मनात घरचा गळका नळ असतो. त्याने चेहरा स्वप्नाळू राहतो." गुडघे दुखतात बिचाऱ्यांचे.

आता रागावू नकोस. पोराची पाळी संपेपर्यंत म्हणून मी एका बाकावर टेकलो. जाग आली तेव्हा समोर तीस-चाळीस माणसं, कुणी चित्र काढतंय, कुणी आपल्या बायकोला कोपराने ढोसून म्हणतंय, "बघ, याला म्हणतात शांती." बाई टेप घेऊन उभ्या. मी आता 'डुलकी घेणारे गृहस्थ' आहे. दुपारची पाळी.

अगं, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी उठवलं नाही. चार दिवसांत येतो.

तुझेच


२६ फेब्रुवारी

काडेपेटी,

हे पत्र तुला, पण मोठ्याने वाच, शेजारचा जागा असेल तर त्यालाही ऐकू दे.

मी एकाला आणायला दुसरा पाठवला आणि दोघेही गेले. आता तिसरी मी येईन आणि तुमच्या त्या बाई मलाही टेप लावतील. 'कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई', सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. म्हणून मी येत नाही. दुकान बंद ठेवून मला शोभा व्हायचं नाही.

आता ऐक. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू बूट फेकायला लागलास. तो बूट मी घेऊन दिला होता.

ती मुलगी इथून जायच्या आधी दुकानात आली होती. उशी घ्यायला. मला म्हणाली, "ताई, मानेला आधार देईल अशी भरून द्या, माझी मान कायम आखडलेली असते." मी विचारलं, एवढ्या वयात मानेला काय झालं? तर हसायला लागली. म्हणाली, "तुमच्या भावाशेजारी बसते ना. तो बोलता बोलता ताडकन उठतो. कधी वेटरशी, कधी मास्तरांशी, कधी रस्त्यावरच्या माणसाशी. मग मी मान वळवून बघते, आता कुणाशी. दोन वर्षं सारखी मान वळवतेय." जाताना म्हणाली, "तो वाईट नाही हो. पण त्याच्याबरोबर घटकाभर नुसतं बसता येत नाही. मला एकदा त्याच्याशेजारी नुसतं बसायचं होतं."

कळलं? तिला घटकाभर नुसतं बसायला मिळेना, म्हणून तिने बसायचीच नोकरी धरली. तिच्या चेहऱ्यावर तू जे पाहिलंस त्याला प्रेम म्हणत नाहीत, गाढवा. तिची मान दुखायची थांबली आहे.

उशीचा कापूस मी हाताने पिंजला होता. तिला विचारू नकोस, पण उशी कशी आहे ते कळव.

भावोजींना सांग, त्यांच्या बाजूची चादर मी काढून ठेवली आहे. हवी असेल तर येऊन मागावी लागेल.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र आठवडाभर उघडं पडलंय. रोज वाचतो आणि रोज कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, पण कुणाशी ते कळत नाही. शेवटी कठड्याशी भांडलो. हाताला लागलं.

इकडे एक घडलं. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया ठरली म्हणून ते गृहस्थ रजेवर गेले आणि युगुल-बाकावरची जागा रिकामी झाली. मी बदलीचा अर्ज केला. बाई म्हणाल्या, "विरही माणसाने प्रेमीसाठी अर्ज करायचा म्हणजे तुमचा विरह कच्चा होता की काय?" पण दुसरा अर्ज नव्हता. त्यांनी नियम वाचून दाखवला, "बाकावरच्या दोन कर्मचाऱ्यांचं एकमेकांवर प्रेम नसावं. असल्यास विभागाला ताबडतोब कळवावं." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "खरं प्रेम लांबून दिसत नाही. लोक तिकीट काढून होडीतून बघतात, त्यांना काहीतरी दिसायला हवं." मी म्हटलं, माझ्या बाजूने काही नाही. खोटं बोललो. तिला विचारलं, ती म्हणाली, "सध्या तरी फक्त मान आहे."

चाचणीला बसलो. ती शेजारी, मधे एक नवा गुच्छ. मी ठरवून आलो होतो की काही बोलायचं नाही. पण मग मला वाटलं, न सांगता का आलीस, एवढं तरी विचारावं. विचारलं. ती म्हणाली, "आत्ता नाही. हात माझ्या खांद्यावर ठेव, होडी येतेय." हात ठेवला. होडीतला एक टोपीवाला ओरडला, "अहो, जरा प्रेमाने! पोतं धरल्यासारखं काय धरलंय!"

ताई, तू मला ओळखतेस. मी उठलो. कठड्यावर पाय ठेवून त्याला म्हटलं, वर ये, पोतं कसं धरतात ते दाखवतो. होडी पुढे गेली, मी काठाने होडीबरोबर पळत गेलो, तो टोपीवाला पुढच्या वळणापर्यंत माझ्याकडे बघून हात हलवत होता, त्याला वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. चित्रवाल्या बाईचं चित्र माझ्या धक्क्याने पडलं. मासेवाल्या आजोबांचा मासा सुटला. तो एकच होता.

परत आलो तर ती बाकावर बसलेली, एक हात मानेवर. म्हणाली, "झाली सुरू."

तेवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी नापास. परत कठड्यावर. आणि आता खरं सांगू? तिथे उभं राहून मी पहिल्यांदा नदीकडे पाहिलं. इतके दिवस नुसता उभा होतो.

भावोजी बरे आहेत. 'याला म्हणतात शांती' म्हणणाऱ्यांची रांग लागते. चादरीचं सांगितलं. त्या दिवशी त्यांची डुलकी नीट लागली नाही.

तुझा धाकटा


१२ मार्च

काडेपेटी,

तुझ्यावर चिडायला बसले होते, पण समोर एक गादी उघडी पडली आहे, तिच्याकडे बघून राग गेला.

गिऱ्हाईकाने हट्टाने ठासून भरून घेतली होती. "अजून घाला, अजून घाला, भरपूर कापूस हवा." मी सांगत होते, ऐकेना. आता परत घेऊन आलाय. म्हणतो, "हिच्यावर झोपलं की घरंगळून खाली पडतो." अरे, माणूस टेकायला गादीत जागा ठेवावी लागते. भरलेलं सगळं चांगलं असतं, कापूस उत्तम आहे, पण टेकणाऱ्याने जायचं कुठे?

मी आता निम्मा कापूस काढतेय. तू पण काढ. फेकू नकोस, बाजूला काढून ठेव, आयुष्यात पुढे लागतो.

आणखी एक. तुला वाटतं मी आणि तुझे भावोजी दिवसभर भांडतो. भांडतो. पण टाके घालताना ते पलीकडून दाभण ओढून परत देतात. मी खुपसते, ते ओढतात. सबंध दुपार आम्ही एक शब्द बोलत नाही. आता मीच खुपसते आणि मीच पलीकडे जाऊन ओढते. दोन दिवसांची गादी चार दिवसांची झाली आहे.

हे त्यांना सांगायची गरज नाही.

ताई


२८ मार्च

ताई,

बरेच दिवस लिहिलं नाही. मुद्दाम नाही. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं, आणि मला ते आवडायला लागलं होतं.

मी कठड्यावर उभा राहायचो. कुणी विचारलं पाकीट पडलं का, की नदीकडे बोट दाखवायचो. खालच्या चावीवाल्याकडे सकाळी बसायला लागलो. तो म्हणतो, घाईने घासलेली चावी दिसते चावीसारखी, पण कुठलंच कुलूप उघडत नाही. पहिल्या बऱ्याच चाव्या मी फेकल्या. मग फेकणं थांबलं.

गेल्या आठवड्यात मोठे साहेब काठाची तपासणी करायला येणार होते आणि युगुल-बाकावर अजून माणूस नव्हता. बाई हात जोडायच्या बेताला आल्या. "एकच संध्याकाळ. बोलू नका, पळू नका, बूट आधीच काढून माझ्याकडे द्या." मी अनवाणी जाऊन बसलो.

ती म्हणाली, "आज कुणाशी?"

मी म्हटलं, "कुणाशी नाही."

मग बसलो. होडी आली. ताई, तोच टोपीवाला! त्याने मला ओळखलं, उभा राहून ओरडला, "पोतंवाले! आज पळणार नाही का?" सगळी होडी हसली. माझे कान तापले. मी बाकाची कड धरली. आणि बघ, मला तुझी ती ठासलेली गादी आठवली, तिच्यावरून घरंगळून पडणारा माणूस आठवला, आणि मला हसू यायला लागलं. होडी गेली. मी वळून पाहिलं तर ती होडीकडे बघतच नव्हती. समोर पाण्याकडे बघत होती. तिने मान वळवलीच नव्हती.

त्यानंतर काय झालं ते सांगता येणार नाही, कारण काही झालंच नाही. आम्ही बसलो. तिच्या खिशात शेंगदाणे होते. तिने निम्मे माझ्या हातावर ठेवले. गुच्छ कधीतरी खाली पडला, कुणी उचलला नाही. एक गोगलगाय बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, आम्ही ती मधून जाताना जरा सरकलो. अंधारायला लागलं आणि दिवे लागले.

बाई आल्या त्या लालबुंद होऊन. "साहेब बाकावरून दोनदा गेले! मला म्हणाले, युगुल-बाक रिकामा का ठेवलाय? एकाही माणसाने फोटो काढला नाही! दोघं काय करत होता?"

मी म्हटलं, "बसलो होतो."

"ते मलाही दिसलं! पण काही दिसलं नाही!"

तेव्हा ती उठली. शेंगदाण्याची टरफलं झटकली. म्हणाली, "बाई, नियमाप्रमाणे मला विभागाला एक कळवायचं आहे."

बाई म्हणाल्या, "काय कळवायचंय?"

ती नुसती उभी राहिली. माझ्या डोक्यात काही शिरेना, मी म्हटलं, "काय गं, कसला नियम?" तेव्हा बाईंनीच चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे देवा. ताबडतोब कळवायचं असतं."

ती म्हणाली, "ताबडतोबच कळवतेय. आत्ताच कळलं."

दोघांनाही काढलं. मी कठड्यावर परत जाऊ का विचारलं, तर बाई म्हणाल्या, "या तोंडाने?" आरशात बघितलं, त्यांचं बरोबर होतं. मफलर परत केला.

मग आम्ही काठ चाललो. विश्वास ठेव, इतके दिवस राहून आम्ही दोघांनीही तो पूर्ण पाहिला नव्हता, आपापली जागा सोडायची मुभा नव्हती ना. वाटेत भांडलो. ती न सांगता आली यावरून मी बोललो, मी सांगू देत होतो का यावरून ती बोलली. पण चालणं थांबवलं नाही. ताई, तो काठ संपतो! शेवटचा दिवा संपला की फरशी संपते, कठडा संपतो, नुसता चिखल, झुडपं आणि पाण्याचा वास. तिथे एक मोडका बाक आहे. शोभा विभागाची हद्द अलीकडेच संपते, त्यामुळे त्याला कुणी रंगही दिलेला नाही. आम्ही आता रोज तिथे जातो. तिला बसस्थानकावर तिकिटांच्या खिडकीत काम मिळालंय, मी चाव्या घासतो.

भावोजींची बातमी वाईट आहे की चांगली ते तू ठरव. त्यांची झोप उडाली. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही, टेबलावर राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर डोळे मिटून पडायचे, पण हात सारखा हलायचा, पलीकडून काहीतरी ओढल्यासारखा. बाईंनी कारण विचारलं. ते म्हणाले, "इथे कुणी उठवत नाही. उठवणारं कुणी नसेल तर झोपण्यात काय मजा?" त्यांनाही काढलं. कालच्या गाडीने निघालेत. माझ्या पायातली त्यांची चप्पल परत न्यायला विसरलेत, एकाच चपलेवर येतील, दचकू नकोस.

आता काम. तो बाक फार टोचतो, एक फळी उडाली आहे. एक गादी करून पाठव, पातळ, बाकावर टाकता येईल अशी. तिने वितीने माप घेतलंय: लांबी सहा विती, रुंदी दोन. विती तिच्या आहेत, तुझ्याहून लहान. कापूस ठासून भरू नकोस.

आणि ताई, मध्ये शिवण घालू नकोस.

ती म्हणते, उशी छान आहे. हल्ली लागत नाही.

तुझा धाकटा


४ एप्रिल

काडेपेटी,

गादी पाठवली आहे. बसवाल्याला सांगितलंय, वर दुसरं सामान ठेवू नको.

तुझे भावोजी आले. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, आणि दारात उभे. मी शिवत होते. ते पलीकडे जाऊन बसले आणि दाभण ओढून परत दिला. संध्याकाळपर्यंत तुमची गादी झाली. मग ते तिच्यावर तपासायला म्हणून आडवे झाले. मी उठवलं. परत आडवे झाले. परत उठवलं. असं चार वेळा झालं तेव्हा कुठे त्यांना गाढ झोप लागली. म्हणून गादी दोन दिवस उशिरा निघते आहे आणि मधोमध थोडी दबलेली आहे. ते चांगलंच आहे.

हरवलेला दाभणही सापडला. गिऱ्हाईक स्वतः घेऊन आलं. मला वाटलं आता भांडण होणार, तर म्हणतो, "बाई, काहीतरी टोचायचं म्हणून आम्ही दोघं एकाच कडेला सरकून झोपायला लागलो. आता काढून टाकलाय, तरी तिथेच झोपतो." आयुष्यभर मी लोकांना मध्ये शिवण घालून देत आले.

तू सांगितलंस तरी तुमच्या गादीला मी मध्ये शिवण घातली आहे. चिडू नकोस, आधी पुढचं वाच. तुम्ही भांडणार, दोघंही भांडणार, आणि त्या दिवशी आपापली बाजू कुठे संपते ते कळायला लागेल. पण कच्चा टाका घातलाय. दोऱ्याचं टोक तिच्या बाजूला मोकळं सोडलंय.

तिला सांग, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी ओढ. एका ओढीत निघतो.

ताई